रेघ कुणाच्या हाताची

ईसीजीच्या खोलीत एक रीत होती. पट्टी यंत्रातून बाहेर आली की मामा तिचा वरचा काठ मागे दुमडायचे, अंगठ्याच्या नखाने घडी दाबायचे आणि मगच ती टेबलावर ठेवायचे. त्या काठावर दोन गोष्टी छापलेल्या असत, पेशंटचं नाव आणि यंत्राचं स्वतःचं मत. शिकणाऱ्या डॉक्टरने दोन्ही बघायची नाहीत, हा मोठ्या मॅडमचा नियम.

"यंत्र आधी बोललं की आपले डोळे त्याच्या मागे हो हो करत जातात," मॅडम म्हणायच्या. "आणि नाव कळलं की दया येते. दोन्ही नंतर. आधी रेघ."

मामा म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ. त्यांच्या लेखी खोलीत दोनच डॉक्टर होत्या, मोठ्या मॅडम आणि छोट्या मॅडम. ही छोटी मॅडम बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत आली होती आणि रोज दुपारी ड्युटीवर येताना तिला एकच धाकधूक असायची, की आपण सगळं विसरलो. दूध, लंगोट, अर्धीमुर्धी झोप यांत मेंदूचाही थोडा भाग बाळाला वाटून टाकला की काय, असं तिला वाटायचं. रेघा बघितल्या की आधी सगळ्या सारख्याच दिसायच्या.

त्यात घरचं. ती निघायची तेव्हापासून नवरा कामावरून परत येईपर्यंत मुलीला शेजारच्या काकू सांभाळायच्या. आता काकू लेकीकडे राहायला चालल्या होत्या, पुढच्या आठवड्यापासून नाहीत. काल जेवताना नवरा म्हणाला, "अगं, बाबा घरीच असतात की."

"असतात ना," ती म्हणाली. "कपाटही घरीच असतं."

सासऱ्यांनी नातीला आजवर एकदाही हातात घेतलं नव्हतं. दवाखान्यातून बाळ घरी आलं त्या दिवशी ती मोठ्या हौसेने त्यांच्या मांडीवर ठेवायला गेली, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको नको, मला सर्दी आहे." सर्दी गेली तेव्हा म्हणाले, हात रंगाचे आहेत. सासरे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी न लावता सरळ रेघ ओढायचे, ते खरं. पण वर्ष झालं होतं त्यांनी ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकून. "आता सगळं छापूनच मिळतं, रंगाऱ्याला कुत्रं विचारत नाही," म्हणाले होते. मग रंगाचे हात कुठले?

बरं, बाळ आवडत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या मुलीला लांबूनच बघून तेच म्हणाले होते, "ही बघा, स्वल्पविराम." घरभर तेच नाव झालं. पण नाव ठेवणं वेगळं आणि उचलून घेणं वेगळं. ज्याने लेकराला बोट लावलं नाही त्याच्यापुढे पदर पसरायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. काकू गेल्या की नोकरी सोडायची. मॅडमना सांगायचं कसं, एवढंच ठरायचं होतं.

आज ती आली तेव्हा मॅडम स्टुलावर बसून चहा घेत होत्या. सकाळच्या पट्ट्यांचा गठ्ठा टेबलावर होता. मामांनी वरचीच एक तिच्यापुढे सरकवली.

"पुरुष. सत्तरीच्या आसपास. डोळ्याच्या ऑपरेशनआधी हृदय तपासायला पाठवलंय. तक्रार काही नाही."

तिने कागद सरळ केला. गुलाबी चौकटी, त्यांवर काळी रेघ. मॅडमनी शिकवलेलं आठवायला लागली. कुणी घरात शिरायच्या आधी बाहेरून खाकरतं, ती पहिली छोटी टेकडी. हृदयाचे वरचे कप्पे खालच्यांना वर्दी देतात. मग दार धाडकन उघडतं, तो उंच सुळका. खालचे मोठे कप्पे रक्त ढकलतात. मग दार हळूच लोटून लावलं जातं, ती शेवटची पसरट टेकडी; हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरून बसतं. खाकरणं, उघडणं, लोटणं. प्रत्येक ठोक्याला, याच क्रमाने.

"चाल सांग आधी," मॅडम म्हणाल्या.

तिने एक कोरा कागद घेतला, त्याची कड पट्टीवर ठेवून दोन सुळक्यांखाली पेन्सिलीने खुणा केल्या आणि कड पुढे सरकवत नेली. प्रत्येक सुळका खुणेवर येऊन बसला.

"चाल नियमित."

"वेग?"

दोन सुळक्यांमध्ये चार मोठ्या चौकटी. तीनशेला चाराने भागलं. "पंच्याहत्तर. ठीक आहे."

"मग खाकरणं शोध."

इथे ती अडली. पहिल्या ओळीत बघितलं, दुसऱ्या ओळीत बघितलं. छोटी टेकडी कुठेच नव्हती. सुळक्यांच्या मधली जागा सपाट असायला हवी, तिथे दातच दात. एकामागून एक, सारख्या आकाराचे, जणू सुताराने करवत आडवी ठेवलीय. पुस्तकात हे चित्र होतं. विसरली नव्हती ती.

"फ्लटर," ती म्हणाली. "वरचे कप्पे फडफडताहेत. खाकरतच नाहीयेत, नुसते थरथरताहेत."

मॅडमनी कागद घेतला, घडी स्वतःकडे करून उघडली, वाचली, परत मिटली. "यंत्रही हेच म्हणतंय. छान जमतंय तुमचं दोघांचं."

तिला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं. मॅडम कौतुक करायच्या तेव्हा हातातला कप खाली ठेवायच्या आणि टोमणा मारायच्या तेव्हा घोट घ्यायच्या. त्यांनी घोट घेतला होता.

"मग या माणसाचं करायचं काय?"

"ऑपरेशन पुढे ढकलायचं. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू करायची. बहुतेक कायमची."

"एवढी मोठी शिक्षा ठोठावतेस, तर साक्षीदार सगळे तपासलेस का? एका हृदयाकडे बारा खिडक्यांतून बघतो आपण. तू दोन खिडक्यांतून डोकावलीस आणि निकाल देऊन मोकळी झालीस."

ती पुन्हा खाली वाकली. तिसरी ओळ. आणि तिसऱ्या ओळीत ती होती, छोटी टेकडी, नीट, गोल, प्रत्येक सुळक्याच्या आधी, मर्यादशीलपणे खाकरणारी. करवतीचा एक दात नाही. खाली छातीवरच्या सहा ओळी पाहिल्या. जराशी कुरकुर होती, पण टेकड्या तिथेही ओळखू येत होत्या.

"हे कसं काय?" ती पुटपुटली. "हृदय एकच आहे. पहिल्या दोन खिडक्यांत फडफडतं आणि तिसरीत शहाण्यासारखं बसतं?"

"तेच विचारतेय मी तुला," मॅडम म्हणाल्या.

नेमकं तेव्हाच बाहेर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. तिच्या छातीत दूध दाटून आलं, अंगावरचा कोट तिने घाईने ओढून घेतला, आणि डोक्यात होतं नव्हतं ते सगळं धुऊन गेलं. मामांनी काही न बोलता खोलीचं दार लोटलं. ते चार लेकरांचे बाप होते.

तिने डोळे मिटले, परत उघडले. पहिल्यापासून जाऊ. पहिली खिडकी कशाची? उजवा हात आणि डावा हात, या दोघांमधलं बोलणं. दुसरी? उजवा हात आणि डावा पाय. तिसरी? डावा हात आणि डावा पाय. दोन भांडणांत कोण आहे आणि तिसऱ्यात कोण नाही? घरात तीन भावंडं असतात आणि दोनच खोल्यांतून आरडाओरडा येतो, तेव्हा आईला कळतंच की कुठल्या कारट्याचं काम आहे.

"उजवा हात," ती म्हणाली. मग सावकाश, स्वतःलाच पुन्हा ऐकवत म्हणाली, "मॅडम, हृदय नाही थरथरत. यांचा उजवा हात थरथरतोय. यंत्राला हात कळत नाही, त्याला सगळं हृदयच वाटतं."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"तरीच," मामा म्हणाले. "ते आजोबा उजवा हात चादरीखाली दडपून पडले होते. म्हटलं, थंडी वाजते का? म्हणाले, हो. बाहेर रांग केवढी लागलेली, मी पुढे काही विचारलं नाही."

"गेले का?"

"नाही, बाकावर बसलेत. रिपोर्ट हातात पडल्याशिवाय उठणार नाही म्हणतात."

"बरं झालं. परत काढू, हात नीट सांभाळून," मॅडम म्हणाल्या. "जा, नाव बघून हाक मार त्यांना."

तिने घडी उघडली. आडनाव तिचंच होतं, लग्नानंतरचं. आणि त्याच्या आधीचं नाव ती रोज घरात शिरताना दाराच्या पाटीवर वाचायची. ती पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती.

ती कागद धरून तशीच उभी राहिली. परवा डोळ्याचं ऑपरेशन म्हणून सासरे गेले चार दिवस तिला सांगत होते, "तपासण्या डोळ्यांच्या दवाखान्यातच होतात, तू तुझ्या कामाला जा." आणि सकाळी ती बाळाला अंघोळ घालत असताना गुपचूप इथे आले होते, तिची ड्युटी दुपारची असते हे हेरून. रांगेने घात केला.

ते बाकाच्या टोकाला बसले होते. उजवा हात डाव्या काखेत. तिला एकदम वर्षभराची सगळी चित्रं दिसली. खिशातला हात. गुंडाळलेल्या वर्तमानपत्रातला हात. टॉवेलखालचा हात. सगळे गेल्यावर एकट्याने घेतलेला चहा. सर्दी, आणि रंगाचे हात.

तिला बघून ते दचकले. "तू? तुझी ड्युटी दुपारची ना?"

"दुपार झाली, बाबा."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे असं बघितलं, जणू फितुरी त्याने केली होती.

"चला आत. पट्टी परत काढायचीय."

"का? काही वाईट आहे?"

"हृदयात काही नाही," ती म्हणाली. बाकीचं आत्ता नको.

आत आल्यावर ते पलंगावर आडवे झाले आणि सदऱ्याच्या बटणांशी थांबले. तीही थांबली. मामांनी ओळखलं. "छातीवर चिकटवायचे रबरी फुगे मी लावतो. तुम्ही हातापायाचे चिमटे बघा."

"डॉक्टर झालीस आणि लाजतेस होय?" सासरे भिंतीकडे बघत म्हणाले.

"डॉक्टर नाही लाजत. सून लाजते."

"तेही बरंच आहे," ते म्हणाले. "सासराही लाजतो."

तिने चिमटे मनगटांऐवजी वर खांद्यांजवळ लावले, थरथर जिथे पोचत नाही तिथे. मग त्यांचा उजवा हात चादरीबाहेर घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. हात आधी आखडला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, अदृश्य गोळी वळत असल्यासारखी. तिने सोडला नाही. हळूहळू तो तिच्या तळव्यात सैल पडला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हा हात तिने कधी धरला नव्हता. अजून बोटांच्या बाजूंना ब्रशचे घट्टे होते.

यंत्र कुरकुरलं. पट्टी बाहेर आली आणि मामांनी सवयीने काठ दुमडला. कुणालाच गरज नव्हती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, खाकरणं, उघडणं, लोटणं.

"दाखव बघू," सासरे उठून बसत म्हणाले. त्यांनी दोन्ही पट्ट्या बऱ्या डोळ्याजवळ नेल्या, एक सकाळची, एक आताची. बराच वेळ सकाळचीच बघत राहिले.

"ही ओळखीची आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माझ्याच हातची. शेवटच्या पाटीवर अशीच आली होती. दुकानदार म्हणाला, ही नागमोडी कशी काय? मी म्हटलं, नवी फॅशन आहे. त्याने मानलं बिचाऱ्याने. पण फॅशन किती पाट्यांवर खपवणार? मग म्हटलं, छपाईवाल्यांवर ढकलून मोकळं व्हावं. ते तसेही बदनाम होतेच."

मामा हसले आणि मग हसू नये असं वाटून थांबले.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"घरात डॉक्टर असली की आजार सांगायची सोय नसते. सांगितला की झालाच." ते पट्टीची घडी उघडमीट करत राहिले. "आणि तेव्हा तुला दिवस गेले होते. म्हटलं, एक जीव येतोय घरात, आपलं रडगाणं कशाला."

बाळाला हात का लावला नाहीत, हे तिने विचारण्याआधीच ते बोलले, तिच्याकडे न बघता.

"रंगाचा डबा सांडला तर पुसता येतो. ती सांडली असती तर?"

तिने इतके महिने मनात जपून ठेवलेला राग शोधून पाहिला. तो होता तिथे नव्हता. ती मान खाली घालून खांद्यांवरचे चिमटे काढत राहिली, एकच चिमटा दोनदा पुसला.

मोठ्या मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी आपला रिकामा कप सासऱ्यांच्या समोर धरला. "आजोबा, हा जरा धरा. उजव्या हाताने."

"फुटेल."

"फुटू दे. दवाखान्याचा आहे."

मांडीवर पडलेला हात थरथरत होता. कपाकडे निघाला आणि वाटेतच शांत झाला. कानाला धरून कप उचलला, तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने बशीशिवायचा तो कप पुन्हा बारीक हलायला लागला, पण पडला नाही.

"बघितलंत? रिकामा बसला की हलतो, कामाला लावला की थांबतो," मॅडम म्हणाल्या. "आळशी नाही तुमचा हात. त्याला रिकामपण सोसत नाही. नसांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी देते. पूर्ण जाईल असं मी सांगत नाही, पण गोळ्या आहेत आणि बऱ्याच जणांना त्या चांगल्या लागू पडतात. डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे करून घ्या. फक्त त्या डॉक्टरांना हाताबद्दल आधी सांगा. लपवू नका."

"आता कसलं लपवतोय," सासरे म्हणाले. "कागदावर छापून आलंय."

संध्याकाळी मॅडमनी तिला लवकर सोडलं. ती घरी पोचली तेव्हा काकू बाळाला तिच्या स्वाधीन करून निघून गेल्या. सासरे नेहमीच्या खुर्चीत होते. दोन्ही हात उघडे, मांडीवर. उजवा आपला हलत होता आणि ते त्याला हलू देत होते. एवढंच, पण खोली वेगळी दिसत होती.

तिने जमिनीवर गादी टाकली, भिंतीला उशा लावल्या. "बाबा, खाली बसा. टेकून."

ते बसले. गुडघे वाजले. "तू इथेच थांब हां."

"इथेच आहे."

तिने मुलीचं डोकं त्यांच्या डाव्या कोपराच्या खोबणीत ठेवलं आणि उजवा हात धरून तिच्या पाठीखाली सरकवला. मग स्वतःचे हात काढले. काढले म्हणजे, बोटभर अंतरावर ठेवले. सासऱ्यांनी श्वास धरला होता. हात थांबला होता. तो हात आता नुसता आजोबांचा हात होता. मुलीने डोळे उघडून त्यांच्या हनुवटीची पाहणी केली, जांभई दिली आणि पाय पोटाशी घेतले.

"जड आहे गं," ते कुजबुजले.

"दूध पिते. हवा खाऊन नाही वाढत."

जरा वेळ गेला आणि मग तिला दिसलं, ती थरथर परत आली होती. पाठीखाली, बारीक. सासऱ्यांनाही कळलं. त्यांनी घाबरून तिच्याकडे बघितलं. तिने आपले हात पुढे केले आणि तिथेच थांबवले, कारण मुलीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. आजवर ही पोर झोपवायला तिने काय काय केलं होतं, खांद्यावर टाकून येरझारा, थोपटणं, गाणी, धमक्या. आणि इथे कुणीतरी बसल्या जागी तिला इतकं मऊ हलवत होतं, की तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली.

"झोपली," सासरे म्हणाले. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"झोपली."

मग ते म्हणाले, "काकू जाताहेत ना पुढच्या आठवड्यात."

"हो."

"दुपारी ही अशी झोपलेलीच असते. मी खालीच बसेन, याच गादीवर. उभं राहून उचलणार नाही. उठून रडली तर तुझा नवरा येईपर्यंत गादीवरच तिच्याशी बोलत बसेन. आणि गोळीचा गुण येतो का ते आधी बघू, तोवर चार दिवस त्याला लवकर यायला सांग. हे सगळं चालणार असेल तर..." ते थांबले. "तर त्या खोलीत जात राहा. ते मामा म्हणाले, आज तू नसतीस तर मला जन्मभर भलतीच गोळी खावी लागली असती."

तिने त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली. ती आधीपासून नीटच होती.

दाराशी चावी वाजली. नवरा आत आला, चप्पल काढता काढता वर बघितलं आणि एक पाय चपलेत तसाच ठेवून उभा राहिला.

"बाबा? तुम्ही हिला..."

"हळू बोल," सासरे मान न वळवता म्हणाले. "रंग ओला आहे."